जमीन आरोग्य पत्रिकेत तेरावी ओळ हवी: राज्याच्या कृषी विभागाला खुलं पत्र

प्रति,
कृषी विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार,

मी बोरिवलीत राहते, मुंबईतल्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, आणि माहेरची हापूसची बाग आणि थोडी भातशेती देवगड तालुक्यात आहे, ती आता माझा धाकटा भाऊ बघतो. हे सांगायचं कारण एवढंच की खाली जे लिहिलंय ते लॅबमधून बघूनही लिहिलंय आणि बांधावर उभं राहूनही. मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला शेवटपर्यंत वाचायला वेळ नसला तरी चालेल: शेतकऱ्याला जी जमीन आरोग्य पत्रिका देता त्यात मातीत कीटकनाशकांचा अंश किती उरलाय याची एक ओळ घाला, आणि तो अंश खाऊन संपवणारे जे जिवाणू आहेत, ज्यातले बरेचसे त्याच मातीत आधीपासून बसलेत, त्यांना काम करता येईल अशी सोय करा. पैसे, नियम, ट्रायल, जे लागेल ते.

ही पत्रिका २०१५ पासून देशभर दिली जाते. त्यात १२ गोष्टी तपासतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, मग जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन, आणि सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब. चांगली योजना आहे, मी तिच्या विरोधात नाही, उलट भावाला पहिल्यांदा कळलं की जस्त कमी पडतंय ते या पत्रिकेमुळेच. पण त्या दिवशी त्याने फोन करून विचारलं, "ताई, यात औषधाचं कुठे लिहिलंय गं?" मी म्हटलं, नाही रे, ते तपासतच नाहीत. त्यावर तो म्हणाला, "मग कलमांखाली इतकी वर्षं जे ओततोय ते गेलं कुठे ते कळणार कसं?" मी मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं, कारण आकडाच नव्हता. म्हणून हे पत्र.

तपासणं आपल्याला जमत नाही असं कोणी म्हणू नये. नाशिकच्या द्राक्षांचं बघा. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट नावाचं वाढ रोखणारं औषध सापडलं, कंटेनर अडकले, बागायतदार बुडाले, आणि तेव्हापासून निर्यातीच्या द्राक्षाच्या तपासणीत आपण किती काटेकोर झालो ते सगळ्यांना माहितीये. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, अपेडाची, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची, ग्रेपनेट यंत्रणा आहे, प्लॉटची नोंदणी होते, सॅम्पल घेतलं जातं, रिपोर्ट आल्याशिवाय माल हलत नाही. म्हणजे मशीन आहेत, माणसं आहेत, पद्धत आहे. जर्मनीतल्या माणसाने खायच्या घडासाठी आपण अंश अब्जात एक भाग इतक्या बारकाईने मोजतो आणि तो घड ज्या मातीतून आला, जिथे उद्या आपलीच मुलं मेथी लावणार, तिच्या पत्रिकेवर त्या अंशाला जागा नाही. हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

आता मातीत नक्की काय होतं ते थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या अनुभवात निम्म्या लोकांना वाटतं की औषध मारलं की ते पावसात वाहून जातं किंवा उन्हात उडून जातं आणि संपलं, आणि उरलेल्या निम्म्यांना वाटतं की जमीन एकदा विषारी झाली की कायमची गेली. दोन्ही अर्धवट आहे. काही भाग उन्हाने तुटतो, काही पाण्याने, काही ओढ्यात-विहिरीत जातो, काही चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसतो. पण मातीत पडलेल्या बहुतेक औषधांचं पुढे काय होणार हे मुख्यतः जिवाणू आणि बुरशी ठरवतात. एक ग्रॅम चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, अब्जापर्यंत जातात, आणि त्यांच्यासाठी कीटकनाशक म्हणजे शेवटी कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस. ज्याला ते रेणू तोडायचं एन्झाइम जमलं त्याला खाणं मिळालं, आणि शेजारी कोणी हात लावत नसेल तर सगळं त्याचंच.

याची सुरुवातीची गोष्ट भातशेतीतलीच आहे. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करताना आपल्या सेतुनाथन या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की खाचरात डायझिनॉन हे कीटकनाशक पुन्हा पुन्हा टाकलं की ते आधीपेक्षा लवकर नाहीसं होतं. औषध तेच, शेत तेच, मग बदललं काय? मातीतले जिवाणू बदलले होते. त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या योशिदांनी १९७३ मध्ये त्या खाचरातून वेगळा काढलेला फ्लेवोबॅक्टेरियम नावाचा एक जिवाणू दाखवला जो डायझिनॉन आणि पॅराथिऑन तोडतो. पुढे त्याच कामाचा जीन दुसऱ्याच एका जिवाणूतही सापडला, दोन्हीकडे प्लास्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) बसलेला, म्हणजे एकाने दुसऱ्याला देता येईल अशा जागी. ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या मका पिकवणाऱ्या भागात हेच शेतकऱ्यांना उलट्या बाजूने दिसलं, कार्बोफ्युरान हे कीटकनाशक टाकलं तरी कीड मरेना, कारण जमिनीतले जिवाणू ते कीड मरायच्या आधीच फस्त करायला लागले होते. तिथे त्याला अडचण म्हटलं गेलं. मला त्यात ताकद दिसते, फक्त ती योग्य वेळी आणि योग्य जागी वापरायला यायला हवी.

आणि हे सगळं कुठेतरी लांब परदेशात झालं असंही नाही, मुंबईतच झालंय! पवईच्या आयआयटीतल्या गटाने मातीतून स्युडोमोनास या जिवाणूचे असे स्ट्रेन (उपप्रकार) काढले जे फक्त कार्बारिल खाऊन जगतात, २००५ मध्ये त्यांनी त्याचा अख्खा मार्ग मांडला. कार्बारिल म्हणजे गावाकडे ज्याला सगळे सेविन पावडर म्हणायचे ते. भोपाळच्या कारखान्यात डिसेंबर १९८४ मध्ये जो वायू सुटला तो याच सेविनसाठी लागायचा. इतकं जड नाव आहे या रेणूचं आपल्या देशात, आणि पवईच्या जिवाणूसाठी ते जेवण आहे. आधी कार्बारिलचं वन-नॅफ्थॉल होतं, मग टप्प्याटप्प्याने सॅलिसिलेट, मग जेंटिसेट, आणि शेवटी ते पेशीच्या नेहमीच्या ऊर्जाचक्रात जाऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. यातला वन-नॅफ्थॉल हा मधला पदार्थ मूळ कार्बारिलपेक्षा जास्त विषारी, तो जिवाणूलाही मारू शकतो. मग जिवाणू काय करतो, त्याच्या पेशीला जी दोन आवरणं असतात त्यांच्या मधल्या जागेतच कार्बारिल तोडतो, म्हणजे वन-नॅफ्थॉल आत एकदम घुसत नाही, जेवढं पचवता येईल तेवढंच आत येतं. शिवाय या पचनाचे काही जीन्स त्याने दुसऱ्या जिवाणूंकडून घेतल्याच्या खुणा त्याच्या जिनोममध्ये दिसतात. माणसाने हा रेणू बनवून फार तर काही दशकं झाली आणि तेवढ्यात मातीने त्याच्यावर उपाय काढला. वर्गात हे शिकवताना दरवर्षी मला तेवढंच भारी वाटतं जेवढं पहिल्या वर्षी वाटलं होतं.

दुसरं उदाहरण दिल्ली विद्यापीठाचं. एचसीएच, ज्याला आपल्याकडे बीएचसी किंवा गॅमेक्सिन म्हणत, आज्ज्या धान्याच्या कणगीभोवती टाकायच्या ती पावडर. त्यातला फक्त गॅमा प्रकार म्हणजे लिंडेन कामाचा, बाकी बराचसा कचरा, आणि तो कचरा अजून देशात ठिकठिकाणी पडलाय. हे तोडणारा स्फिंगोबियम इंडिकम भारतात सापडला, त्याचे भाऊबंद जपान आणि फ्रान्समध्ये सापडले, तिघांकडे एचसीएच तोडणारे जवळजवळ सारखेच लिन जीन्स. दिल्लीच्या गटाने हा जिवाणू मक्याच्या कणसाच्या भुग्यावर बसवून दूषित मातीत मिसळला आणि एचसीएच घटताना दाखवलं. मक्याच्या कणसाचा भुगा! यात परवडणार नाही असं काय आहे?

पण इथेच एक इशारा द्यायचाय, आणि मी तो जोरात देते कारण उत्साहात तो विसरला जातो. औषध 'नाहीसं झालं' म्हणजे जमीन साफ झाली असं नसतं. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक तुटलं की टीसीपी नावाचा पदार्थ तयार होतो, तो पाण्यात जास्त विरघळतो म्हणून विहिरीकडे जायची शक्यता जास्त, आणि तो जिवाणूंना मारक आहे, म्हणजे जे साफसफाई करणार त्यांचाच गळा धरतो. डीडीटीचं हवेच्या संपर्कात डीडीई होतं आणि ते डीडीटीइतकंच चिवट. शेतीतलं डीडीटी १९८९ मध्येच बंद झालं तरी त्याच्या खुणा अजून सापडतात त्या यामुळेच. म्हणून मी जी तेरावी ओळ मागतेय त्यात मूळ औषधाबरोबर त्याचे तुकडेही मोजले पाहिजेत. नाहीतर पत्रिकेवर 'अंश आढळला नाही' असं येईल आणि टीसीपी विहिरीत बसलेलं असेल. अर्धी तपासणी करायची असेल तर न केलेली बरी, निदान खोटा दिलासा तरी मिळणार नाही.

बंदी आली की प्रश्न मिटतो असंही कोणी समजू नये. २०१८ मध्ये केंद्राने कार्बारिल, मिथाइल पॅराथिऑन, डायझिनॉन, फेन्थिऑन वगैरे बंद केली, २०२० च्या शेवटी फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस. चांगलंच झालं. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले, ते विसरता येत नाही, आणि माणसाच्या जिवाचा प्रश्न मातीच्या आधी येतो यात वाद नाही. पण बंदी बाटलीवर येते, जमिनीत आधी गेलेल्या औषधावर येत नाही. बंदीनंतर मातीत काय उरलं, किती वर्षं उरलं, कुठल्या जिल्ह्यात जास्त उरलं, याचा हिशेब गावागावात ठेवायला बंदीइतकीच गरज होती आणि तो शेतकऱ्याच्या हातात कुठेच नाही.

आता जिवाणूंना काम करू द्या म्हणजे काय. ते कोरड्या ठक्क जमिनीत काम करत नाहीत. वाफसा लागतो, ऊब लागते, हवा लागते, आणि मुख्य म्हणजे सेंद्रिय कर्ब लागतो. आमच्या देवगडची गोष्ट घ्या. हापूसच्या फवारण्या साधारण पालवी-मोहोरापासून फळ वाटाण्याएवढं, गोटीएवढं होईपर्यंत चालतात, म्हणजे थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, तुडतुड्यासाठी एक, करप्यासाठी एक, भुरीसाठी एक. नेमकी त्याच महिन्यांत कातळावरची जांभ्याची माती सुकलेली असते आणि जिवाणू सुस्तावलेले असतात. मग जूनमध्ये असा पाऊस येतो की जे उरलंय ते पचायच्या आधी वहाळात. त्यात मोहोर यावा म्हणून द्यायचं कल्टार वेगळंच, ते पावसाळ्यात कलमाच्या बुंध्याभोवती मातीतच देतात आणि ते मातीत वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकू शकतं, पुढच्या वर्षी परत दिलं की वर भर. शिवाय कोकणातली माती आम्ल आणि बऱ्याच ऑर्गॅनोफॉस्फरस औषधांचं (क्लोरपायरीफॉस, डायझिनॉन यांच्या गटातल्या) तुटणं आम्ल मातीत मंदावतं. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत याच्या उलटं, सामू चढा म्हणून ही औषधं तुलनेने लवकर तुटतात, पण ती चिकणमाती औषध असं घट्ट धरते की जिवाणूला ते मिळतच नाही. म्हणजे एकच उपाय पुण्यात बसून सगळ्या महाराष्ट्राला लावता येणार नाही. दापोली, राहुरी, अकोला, परभणी अशी चार कृषी विद्यापीठं आपल्याकडे उगाच नाहीयेत, प्रत्येकाने आपापल्या मातीत हे करून बघायला पाहिजे.

भावाला मी एवढंच सांगितलं की उन्हाळ्यात कलमांखालचा पालापाचोळा झाडून जाळू नको, तो तिथेच पसर, त्यावर शेणखत टाक, आणि पाणी देता येईल तिथे ओल धर. यात काही जादू नाही. पण ते कितपत उपयोगी पडलं हे त्याला कळायला अंशाची टेस्ट हवी, आणि खासगी लॅबमध्ये ती एका सॅम्पलला हजारांत जाते. सामान्य बागायतदार कुठून करणार? त्याला तर वाटतं की खर्च करून वाईट बातमीच विकत घ्यायची.

आणि जिथे टेस्ट नसते तिथे बाटली येते. मागच्या वर्षी गावाजवळच्या एका दुकानातून भावाने 'जमीन विषमुक्त करणारे बॅक्टेरिया' अशी बाटली आणली. लेबलवर कोटी-कोटीचे आकडे, पण कुठला जिवाणू, कुठलं औषध खातो, किती दिवसांत, काही नाही. मी ती मुंबईला आणून आमच्या लॅबमध्ये जिवाणू वाढवायच्या प्लेटवर लावली तर जे उगवलं ते लेबलवरच्या आकड्याच्या आसपासही नव्हतं, आणि ज्या मीडियात (जिवाणूंच्या खाद्यात) क्लोरपायरीफॉस हाच एकमेव कार्बन ठेवला होता त्यावर तर काहीच उगवलं नाही. आता यात दुकानदाराला किती दोष देणार, त्यालाही कोणीतरी विकलं. माझा राग नियमांच्या फटीवर आहे. जिवाणू खतं १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली येतात, ट्रायकोडर्मासारखी जैविक कीडनाशकं १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावी लागतात, पण मातीतलं औषध खाणारा जिवाणू खतही नाही आणि कीडनाशकही नाही. त्याचं काम या दोन्ही व्याख्यांत बसत नाही, म्हणून त्याच्या नावाने काहीही भरून विकता येतं. ही व्याख्या केंद्राच्या हातात आहे हे मला माहितीये, पण राज्याने प्रस्ताव पाठवायला कोणी अडवलेलं नाही. निदान तोवर तुमच्या गुणनियंत्रण निरीक्षकांना सांगा की अशा बाटल्यांचे नमुने घ्या आणि प्लेटवर लावून बघा. ते काम आमच्या दुसऱ्या वर्षाची मुलंही करतील.

खरं सांगायचं तर बाटलीतले बाहेरचे जिवाणू उघड्या शेतात फार टिकत नाहीत. तिथले जुने जिवाणू त्यांना जागा देत नाहीत, प्रोटोझोआ म्हणजे एकपेशीय सूक्ष्म प्राणी त्यांना खातात, आणि औषधाचा अंश इतका विरळ असतो की त्यांचं पोट भरत नाही. त्यामुळे माझं मत असं की अख्ख्या एकरावर जिवाणू शिंपडण्याच्या मागे लागू नये, तिथे शेणखत, ताग-धैंचा, पाचट, ओल यांनी स्थानिक जिवाणूंनाच वाढवावं. बाहेरून जिवाणू आणायचे ते जिथे विष एका जागी साठलंय तिथे, जुनी गोदामं, औषध सांडलेल्या जागा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पंप भरायची आणि धुवायची जागा.

या शेवटच्या जागेबद्दल मला जरा जास्तच लिहायचंय. कुठल्याही गावात बघा, फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर, बोअरपाशी नाहीतर ओढ्यावर भरतात, कारण पाणी तिथे. तिथेच मोजमाप, तिथेच थोडं सांडतं, फवारून आलं की तिथेच पंप विसळतात, रिकामी बाटली तिथेच. शेतात जे औषध एकरभर विरळ पसरतं ते इथे चार फुटांत वर्षानुवर्षं मुरतं आणि खाली लगेच पाणी. स्वीडनमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला यावर बायोबेड काढले. काय आहे ते, तर एक खड्डा, तळाला साधारण १० सेंटिमीटर चिकणमाती, त्यावर अर्धा-पाऊण मीटर भरण, त्यात निम्मा गव्हाचा पेंढा, पाव भाग पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पाला) आणि पाव भाग शेतातली माती, आणि वर गवत. पंप त्याच्यावर भरायचा, त्याच्यावरच धुवायचा. सांडलेलं औषध भरणात अडकतं, पेंढ्यावर वाढणारी पांढरी बुरशी लाकूड कुजवायच्या एन्झाइमने ते तोडते, माती आपले जिवाणू देते, गवत ओल सांभाळतं. पांढरी बुरशी डीडीटी आणि लिंडेनसुद्धा तोडते हे १९८५ मध्येच दाखवलं गेलंय. आपल्याकडे पीट नाही तर कंपोस्ट घ्या, गव्हाचा पेंढा नाही तर भाताचा घ्या, उसाचं पाचट घ्या. आणि धिंगरी अळिंबी लावणारे बचत गट आता कितीतरी आहेत, धिंगरी हीसुद्धा पांढऱ्या बुरशीच्याच गटातली, पीक निघाल्यावर उरलेल्या पिशव्या फेकून देतात, त्या याच खड्ड्यात जाऊ शकतात. गावात सार्वजनिक विहिरीपासून लांब असे दोन-तीन बायोबेड रोजगार हमीतून खणता येतील. शेततळ्याला अनुदान देता, गांडूळ खताच्या बेडला देता, मग याला का नाही? मला तरी एवढ्या कमी पैशात एवढं पाणी वाचवणारं दुसरं काम दिसत नाही.

कोणी म्हणेल मुंबईत राहून हिला काय पडलंय. तर मुंबईतही शेती आहे, लोकलच्या खिडकीतून रोज दिसते. रेल्वेच्या जागेवर वर्षानुवर्षं पालक, लाल माठ, भेंडी, मुळा लावतात, ती भाजी इथेच विकली जाते, आणि त्या मातीत औषध किती, नाल्याच्या पाण्यातून आलेलं काय काय, हे शोधायला तर देवगडलाही जायला नको, आमच्या कॉलेजपासून दोन स्टेशनं! बाकी सगळी भाजी वाशीच्या मार्केटमधून येते. माझ्या सोसायटीतल्या बायका भाजी मिठाच्या पाण्यात, खायच्या सोड्यात भिजत घालतात, आणि मुळांवाटे भाजीच्या आत शिरलेलं औषध असं धुऊन जात नाही हे त्यांना सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगते.

खर्चाचा मुद्दा येणार हे माहितीये. प्रत्येक पत्रिकेसाठी एलसी-एमएसवर (अंश मोजायच्या महागड्या मशीनवर) शंभर औषधं तपासा असं मी म्हणतच नाहीये. इथेही उत्तर मुंबईतच आहे. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक बायोसेन्सर मांडला होता, काचेच्या धाग्यांच्या फिल्टरवर फ्लेवोबॅक्टेरियमच्या पेशी बसवलेल्या, त्यावर मिथाइल पॅराथिऑन आलं की पेशी ते तोडतात आणि पिवळं पॅरा-नायट्रोफिनॉल तयार होतं, पिवळेपणा मोजला की औषध किती ते कळतं. ज्या जातीचा जिवाणू सेतुनाथन यांनी भाताच्या खाचरात शोधला तोच इथे मोजपट्टी झाला. आता ते औषधच बंद झालंय, पण कल्पना तर बंद नाही झाली, आज जी औषधं सर्रास मारली जातात त्यांच्यासाठी अशी स्वस्त चाळणी तयार करायला सांगा. आधी चाळणी टेस्ट, त्यात जी सॅम्पल लागतील तेवढीच मोठ्या मशीनवर. खाणारा जिवाणू पवईला, मोजायची पद्धत ट्रॉम्बेला, आणि निर्णय घेणारे नरिमन पॉइंटला, सगळं एका शहरात असून एकत्र आलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तर मागणं असं. सुरुवातीला सगळं राज्य नको, चार विद्यापीठांच्या हद्दीतला एकेक तालुका घ्या, एक द्राक्षाचा, एक कापसाचा, एक हापूसचा, एक भाजीपाल्याचा. तिथल्या पत्रिकेत अंशाची ओळ घाला, दोन हंगाम सलग, फवारणीनंतर एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, त्यात तुकडेही मोजा आणि मातीतल्या जिवाणूंची हालचाल, म्हणजे मातीचा श्वसनाचा दर, तोही लिहा, ती टेस्ट तर खूप स्वस्त आहे. त्याच गावांत बायोबेड खणा. आणि जे आकडे येतील ते गावाच्या नावाने लोकांसमोर ठेवा पण शेतकऱ्याच्या नावाने ठेवू नका. हे फार महत्त्वाचंय, कारण एकदा का एखाद्याच्या गट नंबरसमोर 'विषारी' असं लागलं की व्यापारी त्याचा माल पाडून मागणार आणि पुढच्या वर्षी कोणी सॅम्पल द्यायला येणार नाही. अंश जास्त निघाला तर दंड नको, मदत द्या, कंपोस्टसाठी, हिरवळीच्या बियाण्यासाठी.

मनुष्यबळ नाही म्हणाल तर मुंबई, ठाणे, पालघर, रायगडमध्ये मायक्रोबायोलॉजी शिकवणारी कॉलेजं भरपूर आहेत. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट शोधत असतात आणि आम्ही त्यांना तेच ते हात धुण्याचे साबण आणि टूथपेस्ट तपासायला लावतो. त्यांना माती द्या. सॅम्पल कसं घ्यायचं, कशात ठेवायचं, किती तासांत लॅबला पोचवायचं याची एक मार्गदर्शिका विभागाने काढली तर श्वसन-दर, प्लेट काउंट आणि बायोबेडच्या भरणाची तपासणी आम्ही करून देऊ, फुकट. मी माझ्या ओळखीच्या इतर कॉलेजांतल्या शिक्षकांशी बोललेय, ते तयार आहेत. मोठ्या मशीनचं काम तुमचं.

या पत्राची छापील प्रत मंत्रालयाच्या आवक विभागात देणार आहे आणि दापोलीच्या विद्यापीठालाही टपालाने पाठवतेय. आवक क्रमांक मिळाला की इथेच टाकेन, म्हणजे ज्यांना पाठपुरावा करायचाय त्यांना तोच क्रमांक लिहून विचारता येईल.

आपली,
मायक्रोबायोलॉजीची एक शिक्षिका,
बोरिवली, मुंबई